दाढीची निळसर छटा मेकअपने कशी झाकावी

दाढी अगदी गुळगुळीत केलेली असते, उलटा हात फिरवला तरी काही टोचत नाही, आणि तरीही आरशात ओठांवर नि हनुवटीभोवती निळसर-करडा पट्टा दिसतो. त्यावर फाउंडेशन लावलं की निळ्याचं राखाडी होतं. अजून एक थर दिला की चेहरा मुखवट्यासारखा जड दिसायला लागतो, आणि राखाडी तिथेच. ट्रान्झिशनच्या, म्हणजे ट्रान्स स्त्री म्हणून जगायला लागण्याच्या, सुरुवातीला बऱ्याच जणी इथेच अडकतात आणि आणखी जाड फाउंडेशन शोधत बसतात. खरं तर त्याच्याखाली एक पातळ नारिंगी थर, म्हणजे करेक्टर, हवा असतो.

केस कातडीच्या पातळीला कापला तरी त्याचा काळा बुंधा आत राहतो. कातडीतून आत शिरलेल्या उजेडातला तांबूस भाग त्या काळ्यात शोषला जातो, निळसर भाग वरच्यावर विखरून परत येतो. म्हणून काळा केस निळा दिसतो. केस भुरे, लालसर किंवा पांढरे असतील तर ही छटा फारशी नसतेच. त्यांनी करेक्टर सोडून सरळ फाउंडेशनवर जावं. आणि हेही आधीच समजून घेतलेलं बरं की मेकअप रंग झाकतो, खुंट झाकत नाही. उलट वर आलेल्या प्रत्येक खुंटाभोवती क्रीम आणि पावडर साचते आणि तो जास्तच उठून दिसतो. त्यामुळे निम्मा मेकअप रेझरनेच होतो.

दाढी

कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर लगेच, किंवा दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल चेहऱ्यावर धरून. केसात पाणी मुरलं की तो मऊ पडतो आणि पातं त्याला ओढत नाही. जेल किंवा क्रीम लावून मिनिटभर थांबा. कोरड्या चेहऱ्यावर बोट फिरवून केस कुठल्या दिशेने वाढतात ते एकदा नीट पाहून ठेवा. गालावर ते बहुधा खाली जातात, पण गळ्यावर आडवे, वर, कधी भोवऱ्यासारखे असतात, आणि बहुतेक कापलेल्या जागा गळ्यावरच असतात.

पहिला हात वाढीच्या दिशेने. पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा. तिसरा, म्हणजे उलट्या दिशेचा, फक्त ओठांवर आणि हनुवटीवर, आणि तोही कातडी सोसत असेल तरच. इथे मोह होतो कातडी ताणून खोलवर कापायचा. छटा त्याने थोडी कमी होते हे खरं, पण कातडी सोडली की कापलेलं टोक आत जातं आणि वाढताना बाहेर यायच्या ऐवजी कातडीतच वळतं. मग दोन-तीन दिवसांनी लाल पुटकुळ्या येतात, त्या मेकअपखाली निळ्या छटेपेक्षा वाईट दिसतात आणि गेल्यावर काळे डाग ठेवून जातात. केस कुरळे असतील तर हा धोका आणखी. पातं पाच ते सात वेळा वापरून बदला. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि त्यातूनच आग होते. दाढी केल्याने केस दाट होतात हा समज मात्र खोटा आहे. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून राठ लागतं, एवढंच.

गार पाण्याने चेहरा धुवा, टॉवेलने टिपा, पुसू नका. कुठे रक्त आलं असेल तर तुरटीचा खडा ओला करून क्षणभर दाबून धरा. अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह नको. त्याने कातडी कोरडी पडते आणि तासाभरात फाउंडेशन पापुद्र्यासारखं सुटायला लागतं. यानंतर किमान वीस मिनिटं चेहऱ्याला हात लावू नका. कातडीतली लाली उतरायला तेवढा वेळ लागतोच, आणि लालीवर बेतून लावलेला रंग ती उतरल्यावर चुकीचा ठरतो. कातडी नाजूक असेल तर तिन्ही हात आदल्या रात्री आणि सकाळी फक्त वाढीच्या दिशेने एक हात, ही विभागणी चांगली चालते.

खालची तयारी

साधं, बिनतेलाचं मॉइश्चरायझर, दिवसा बाहेर जायचं असेल तर त्यावर सनस्क्रीन, आणि मग दहा मिनिटं थांबणं. हे थांबणं बहुतेक जणी गाळतात. ओलसर क्रीमवर पुढचा थर बसत नाही, घसरतो. प्राइमर, म्हणजे मेकअपच्या आधी लावायचा गुळगुळीत थर, हवाच असं नाही. छिद्रं मोठी असतील तर हनुवटीवर नि ओठांवर मुगाच्या दाण्याएवढा सिलिकोन प्राइमर दाबून लावा. सिलिकोनवर पाण्याचं फाउंडेशन लावलं तर ते गोळ्या-गोळ्या होऊन निघतं. डबीवरच्या घटकांत पहिल्या चार-पाच नावांत ‘-मेथिकोन’ किंवा ‘-सिलोक्सेन’ असा शेवट दिसला की ते सिलिकोनचं समजा, आणि खाली-वर एकाच जातीचं वापरा.

करेक्टर: सगळी मेख इथे

रंगांच्या वर्तुळात निळ्याच्या समोर नारिंगी येतो. दोन्ही एकावर एक आले की एकमेकांना मारतात आणि मातकट, कातडीच्या जवळचा रंग उरतो. नारिंगी किती गडद हवा हे कातडीवर ठरतं. गोऱ्या रंगाला पीच किंवा सामन (गुलाबीसर नारिंगी), गव्हाळ रंगाला सरळ नारिंगी, सावळ्या-काळ्या रंगाला गडद नारिंगी ते विटकरी. फिका करेक्टर गडद कातडीवर राखेसारखा पांढुरका दिसतो. गडद करेक्टर गोऱ्या कातडीवर कितीही झाकला तरी वर येतो. दोन छटांमध्ये अडलात तर फिकी घ्या, कमी पडली तर वाढवता येते.

क्रीमचा, घट्ट, डबीतला करेक्टर घ्या. पातळ द्रवरूप करेक्टर डोळ्यांखालच्या काळेपणासाठी ठीक, दाढीला पुरत नाही. रंगभूमीवर आणि डाग झाकायला वापरतात ती कॅमफ्लाज क्रीमं, उदाहरणार्थ क्रायोलनची डर्माकलर, या कामाला उत्तम. त्यांत रंगद्रव्य इतकं जास्त असतं की थोडक्यात भागतं. हाताशी काहीच नसेल तर नारिंगी-लाल मॅट लिपस्टिक एखाद्या वेळी चालून जाते. रोज नको. तिच्यातला रंग कातडीवर डाग धरतो.

पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढा करेक्टर पुरतो. तो हाताच्या पाठीवर घेऊन बोटाने अर्धा मिनिट मऊ करा. मग फक्त जिथे निळं दिसतं तिथेच बोटाच्या टोकाने किंवा आखूड, दाट केसांच्या ब्रशने टिपत जा. ओढायचं नाही, चोळायचं नाही. ओढलं की रंग उंचवट्यावरून सरकून छिद्रांत साचतो आणि नेमक्या केसाच्या जागी नारिंगी ठिपके दिसतात. टिपण्याने तो जागच्या जागी बसतो.

ओठांवरची जागा एकदा जवळून बघू. वरच्या ओठाच्या दोन्ही कोपऱ्यांत, जिथे मिशी खाली वळते, छटा सर्वांत गडद असते, आणि बोलताना-हसताना कातडीही तिथेच सर्वांत जास्त दुमडते. म्हणून इथे करेक्टर गडद पण थर मात्र सर्वांत पातळ. तोंड किंचित उघडून वरचा ओठ दातांवर ओढून धरा, टिपा, ओठ सोडा, एकदा मोठं हसा, घडीत जमलेला रंग बोटाने उचलून घ्या. खालच्या ओठाखालची खोबण अशीच हमखास सुटते. मान मागे टाकून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. नाकाच्या दोन भोकांमधल्या पट्टीखालचा भागही बघा.

कडा विरवणं महत्त्वाचं. जिथे दाढी संपते तिथे करेक्टर एकदम थांबला तर गालावर नारिंगी किनार दिसते. स्वच्छ, कोरड्या बोटाने कडेवर थोपटत तो गालात मिसळून टाका. जबड्याखाली गळ्यावर दोन-तीन बोटं खालपर्यंत जा.

आता आरशात पाहाल तर चेहरा विचित्र केशरी दिसेल. दिसायलाच हवा. मात्र डोळे बारीक करून पाहिल्यावर निळ्याचा पट्टा गडद जागेसारखा वेगळा कळत असेल तर फक्त तेवढ्यावर आणखी एकदा टिपा. भडक नारिंगी दिसत असेल तर टिशू दाबून थोडा उचला.

पावडर, मग फाउंडेशन, मग पुन्हा पावडर

करेक्टर आणि फाउंडेशन यांच्यामध्ये पावडर टाकली नाही तर वरचा थर खालच्याला उचलतो आणि दोन्ही मिसळून सगळं चेहराभर केशरी होतं. बिनरंगी, बारीक पावडर पफवर घ्या, जास्तीची झटका, आणि पफ दाबा, उचला, दाबा, उचला. पुसल्यासारखा फिरवू नका. दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मग उरलेली मऊ ब्रशने झाडा.

फाउंडेशनची छटा मनगटावर तपासू नका. जबड्याच्या कडेवर उभी रेघ ओढा, खिडकीच्या उजेडात पाहा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा पाहा, कारण बरीच फाउंडेशनं हवा लागल्यावर एक छटा गडद होतात. चेहरा आणि गळा यांच्या रंगात फरक असेल तर गळ्याच्या जवळची छटा घ्या. पूर्ण झाकणारं, मॅट असलेलं हवं; चकाकी असलेलं फाउंडेशन छिद्रं नि खुंट दोन्ही दाखवतं.

स्पंज भिजवून घट्ट पिळा, इतका की पाणी टपकणार नाही. आधी दाढीच्या भागावर पातळ थर दाबून द्या, मिनिटभर थांबा, हवा असेल तर दुसरा. गालावर, कपाळावर स्पंजला उरलेलं तेवढंच लावा. सगळ्या चेहऱ्यावर सारखाच जाड थर दिला की मुखवटा तयार होतो. पुन्हा पावडर, पुन्हा दाबून, आणि शेवटी हातभर अंतरावरून सेटिंग स्प्रे.

इतकं झाकल्यावर चेहऱ्यातला नैसर्गिक चढउतार जातो आणि तो सपाट दिसतो. गालाच्या उंचवट्यावर थोडा ब्लश आणि डोळ्यांना काजळ किंवा मस्कारा दिला की जीव येतो. ब्लश जबड्यापर्यंत खाली आणू नका. त्याने नजर पुन्हा खालच्या भागाकडे वळते.

तपासायचं ते बाथरूमच्या पिवळ्या दिव्यात नव्हे, खिडकीशी, हातभर अंतरावरून, आणि बाजूनेही. नाक आरशाला टेकवून पाहिलं तर कोणाचाही मेकअप मेकअपच दिसतो. तुमच्याकडे तेवढ्या जवळून कोणी बघत नसतं. फ्लॅशचे फोटो निघणार असतील तर घरीच एक काढून बघा. सिलिकाची पांढरी पावडर आरशात दिसत नाही, फ्लॅशमध्ये मात्र तोंडाभोवती पांढरे पॅच उठतात.

बिघडलं तर

नारिंगी वर येतोय: करेक्टर जास्त झाला, किंवा मधली पावडर राहिली. त्यावर फाउंडेशन थापत बसण्यापेक्षा तेवढा भाग पुसून पुन्हा करा.

राखाडी दिसतंय: करेक्टर फिका आहे, किंवा फाउंडेशन कातडीपेक्षा गोरं घेतलंय. दुसरी चूक फार होते.

तोंडाभोवती भेगा: थर जाड, किंवा खाली कातडी कोरडी. ओलसर स्पंज त्या जागी दाबला की बऱ्याच अंशी बसतात.

दाणेदार दिसतंय: खुंट वर आलेत. याला मेकअपमध्ये इलाज नाही. दाढी दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढते आणि दाट, काळी असेल तर सकाळचं काम दुपारनंतर कळायला लागतं. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर सकाळची दाढी सोडा, दुपारी करा.

दिवसभरात घाम आला की टिशू दाबून टिपा. तेलावर पावडर टाकली तर तिचा चिखल होतो; आधी टिपणं, मग चिमूटभर पावडर. खरवडून निघालेल्या जागेवर बोटाने जरासं कन्सीलर टिपलं की भागतं.

रात्री

असा घट्ट मेकअप नुसत्या फेसवॉशने निघत नाही. तेलाचं क्लीन्झर किंवा क्लीन्झिंग बाम कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर हळू फिरवा, मग कोमट पाणी, मग फेसवॉश. स्पंज आणि पफ प्रत्येक वापरानंतर धुऊन पूर्ण वाळवा. रेझरने सोललेल्या कातडीवर कालचा ओला स्पंज दाबला की केसांच्या मुळांशी पूयुक्त फोड येतात आणि मग आठवडाभर दाढीही नीट करता येत नाही.

लेझर चालू असताना

इस्ट्रोजेनने, म्हणजे ट्रान्झिशनमध्ये घेतात त्या स्त्री-संप्रेरकाने, दाढीचे केस जात नाहीत. वाढ थोडी मंदावते इतकंच. केस कायमचे कमी करायला लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस (सुईतून विजेने एकेक मूळ मारणं) लागतं. लेझर काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्या-भुऱ्यांवर नाही. इलेक्ट्रोलिसिसला रंगाचं बंधन नसतं, पण त्याआधी केस काही दिवस वाढवावे लागतात, तेव्हा त्या दिवसांत झाकायची अपेक्षा ठेवू नका. लेझर ठरलं असेल तर चिमट्याने उपटणं आणि वॅक्सिंग काही आठवडे आधीच बंद करा. मूळच नसेल तर लेझर मारणार कशावर? दाढी करायला हरकत नाही. सेशननंतर लाली आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत, निदान एक दिवस, मेकअप नको.

त्यानंतर एक ते तीन आठवडे जळलेले केस काळ्या मिरीच्या भुकटीसारखे वर येऊन गळतात आणि छटा आधीपेक्षा गडद वाटते. घाबरून करेक्टर वाढवू नका, ते केस गळून जातात. पुढे दाढी विरळ होत गेली की करेक्टरची जागा आकसते: आधी गाल आणि जबडा सुटतो, ओठांवरची नि हनुवटीवरची छटा सर्वांत शेवटी. दर दोन-तीन सेशननंतर मेकअपशिवाय, ताज्या दाढीनंतर खिडकीशी उभं राहून निळं नेमकं कुठे उरलंय ते पाहा. सवयीने जुन्याच जागी नारिंगी लावत राहिलात तर खाली मारायला निळं नसतं, आणि नारिंगी तसाच वर दिसतो.