शिक्षकाने लिहिते राहावे कसे: उन्हाळी शिबिरातून घेण्याजोग्या गोष्टी

शाळा, घर आणि लेखन ही तिन्ही कामे सांभाळू पाहणाऱ्या शिक्षकाने मे महिन्यातील शिबिराची आखणी नीट पाहावी. चांगल्या शिबिरात मातीकामाचे साहित्य आदल्या संध्याकाळीच मांडून ठेवलेले असते, त्यामुळे सकाळचा पहिला तास शोधाशोधीत न जाता कामी लागतो. लेखनाचेही तसेच करावे, म्हणजे झोपण्यापूर्वी वहीत उद्याच्या परिच्छेदाचे पहिले वाक्य लिहून ठेवावे आणि पहाटे तेथूनच पुढे जावे. अर्धा तास पुरतो, मात्र तो रोजचा हवा. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत नवे लेखन हाती न घेता केवळ टिपणे करावीत. दीर्घ लेखन मे महिन्यासाठी राखावे, कारण जूनच्या मध्यास, विदर्भात थोडे उशिरा, शाळा सुरू झाल्या की सलग वेळ मिळणे फार कठीण होते.

शिबिरात पाणी भरणे, सतरंज्या उचलणे ही कामे गट पाळीपाळीने करतात. घरातही अशी पाळी कागदावर लिहून भिंतीला लावावी आणि तीत मुलांनाही, माझ्या मते आठव्या वर्षापासून, सामील करावे. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ मात्र कुटुंबाचीच असावी. तेव्हा वह्या तपासू नयेत आणि लिहायलाही बसू नये.