उणे १.८ अंशात मासा का गोठत नाही: परीक्षानळीत करून पाहा

समुद्राचं पाणी साधारण उणे १.९ अंशाला गोठतं. बहुतेक सागरी माशांचं रक्त त्या मानाने बरंच कमी खारट, म्हणून ते उणे ०.७ ते ०.९ अंशालाच गोठतं. या हिशोबाने ध्रुवीय समुद्रात पाण्याआधी मासा गोठायला हवा. तो का गोठत नाही, याचं अर्धं उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेत तासाभरात मिळतं.

साहित्य: ३ परीक्षानळ्या, कापूस, ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत अचूक वजनकाटा, थर्मासचं रुंद भांडं, किलोभर बर्फाचा चुरा, डिस्टिल्ड वॉटर आणि मीठ. आधी थर्मामीटर साध्या पाण्यातल्या बर्फात धरा. तिथे ०.० ऐवजी ०.३ दिसलं, तर पुढच्या प्रत्येक आकड्यातून ०.३ वजा करा. इथे सगळा खेळ एका अंशाच्या आतला आहे, त्यामुळे ही पायरी गाळलीत तर बाकी सगळं फुकट.

फ्रिजमध्ये गार केलेल्या एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बर्फ घाला, ढवळा. तापमान उणे १.७ ते १.९ वर स्थिरावतं. बर्फ वितळून पाण्याचा खारटपणा कमी झाला की तापमान वर सरकू लागतं. तेव्हा चिमूटभर मीठ टाका. मूठभर टाकलंत तर तापमान धाडकन खाली जाईल आणि तिन्ही नळ्या गोठतील.

पहिल्या दोन नळ्यांत लिटरला १५ ग्रॅम मिठाचं पाणी १०-१० मिलिलिटर घ्या. हे आपलं ‘माशाचं रक्त’, गोठणबिंदू उणे ०.९ च्या आसपास. तिसरीत ३५ ग्रॅमवालं पाणी घ्या. ती नळी म्हणजे तारामासा, ज्याच्या अंगातलं पाणी समुद्राइतकंच खारट असतं. नळ्यांच्या तोंडाला कापूस लावून त्या १५ मिनिटं या खाऱ्या बर्फात उभ्या करा.

तिन्ही नळ्यांतलं पाणी अजून द्रवच दिसेल. पहिली तशीच राहू द्या. दुसरीत कोरडा पुसलेला थर्मामीटर ठेवून बर्फाचा मोहरीएवढा कण टाका. कणापासून सुया पसरतात आणि तापमान खाली जाण्याऐवजी वर, उणे ०.९ कडे, उडी मारतं. तो सर्वांत वरचा आकडा टिपा. सगळी नळी एकदम दगड होत नाही; त्या क्षणी शेकडा एखादाच भाग गोठतो, बाकीचा हळूहळू. तिसरीत टाकलेला कण मात्र विरघळत जातो.

पहिली नळी आपोआप गोठली, तर बहुधा कापसावरचं दव किंवा बाहेरच्या बर्फाचा शिंतोडा आत गेलेला असतो. पुन्हा करा.

गोठणबिंदूच्या खाली असूनही बर्फाचा कण न मिळाल्याने द्रव राहिलेली ही पहिली नळी निसर्गातही आहे. शरीरक्रियाशास्त्रज्ञ शोलान्डर यांनी १९५० च्या दशकात कॅनडातल्या लॅब्राडॉरच्या हेब्रन फ्योर्डमध्ये (समुद्राच्या अरुंद, खोल खाडीत) खोल पाण्यातले मासे तपासले. ते उणे १.७ अंशात पोहत होते, गोठले नव्हते, कारण तिथे बर्फच पोचत नाही. बर्फाशी गाठ पडताच ते मेले.

अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो साउंडमधल्या माशांना ही पळवाट नाही. तिथे बर्फ अंगाला घासतो, गिळलाही जातो. संशोधक आर्थर डीव्हरीस यांनी १९६० च्या दशकात या माशांच्या रक्तात अँटिफ्रीझ ग्लायकोप्रोटीन, म्हणजे गोठण रोखणारं, साखरेचे रेणू जोडलेलं प्रोटीन, शोधलं. ते बर्फाच्या कणाला चिकटून त्याची वाढ रोखतं. म्हणजे दुसऱ्या नळीत कण पडतो, पण सुया फुटत नाहीत. १९९७ मध्ये कळलं की या माशांत त्याचं जनुक ट्रिप्सिनोजेन या पचनाच्या कामी येणाऱ्या प्रोटीनच्या जनुकातून घडलं. उत्तर ध्रुवाकडच्या कॉडमध्ये जवळपास तसंच प्रोटीन आहे, पण ते वेगळ्याच मार्गाने आलेलं.

चौथ्या नळीत १० मिलिलिटर ‘माशाच्या रक्तात’ ०.६ मिलिलिटर ग्लिसरीन मिसळून ‘हेच ते प्रोटीन’ असं मुलांना सांगण्याचा मोह टाळा. ती नळी कण टाकूनही गोठणार नाही, पण कारण निराळं: ग्लिसरीन मिठासारखं नुसत्या रेणूंच्या संख्येवर गोठणबिंदू उतरवतं, आणि वितळणबिंदूही तितकाच. प्रोटीन वितळणबिंदूला जवळजवळ हात लावत नाही. ग्लिसरीनची नळी दाखवायचीच, तर तिच्यावर उत्तर अटलांटिकच्या स्मेल्ट माशाचं नाव चिकटवा. तो हिवाळ्यात खरोखरच अंगात ग्लिसरॉल, म्हणजे ग्लिसरीनच, साठवतो.