घरच्या चीजला मीठ लावणे आणि मुरवणे : वडोदऱ्याच्या हवेत करावयाची कृती

साच्यातून नुकतेच काढलेले चीज चावताना दातांखाली कुचकुचते, किंचित आंबूस लागते आणि त्याला चव अशी नसतेच. चव येते ती पुढच्या दोन-तीन महिन्यांत, आणि ती कशी येणार हे पहिल्या एक-दोन दिवसांत चीजमध्ये किती मीठ गेले यावर बरेचसे ठरते. दूध साकळवणे, कापणे, निवळी (दुधातून सुटणारे पाणी) काढणे आणि दाब देणे या पायऱ्या झाल्या आहेत असे येथे गृहीत धरले आहे. उदाहरणासाठी गौडा पद्धतीची, साधारण एक किलो वजनाची आणि ७-८ सेंटिमीटर जाडीची चकती घेतली आहे. वडोदऱ्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. त्यामुळे युरोपातील थंड तळघरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या कृती येथे जशाच्या तशा लागू पडत नाहीत.

मीठ चीजमध्ये तीन कामे करते. पहिले काम पाणी बाहेर ओढण्याचे, जे कैरीच्या फोडींना मीठ लावणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. दुसरे काम विरजणातील जिवाणूंना आवर घालण्याचे : दुधातील साखरेचे आम्ल करण्याचा त्यांचा वेग मिठामुळे मंदावतो आणि चीज हवे तेवढेच आंबट होऊन थांबते. तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे असूनही त्याची चर्चा सर्वांत कमी होते. रेनेटमधील (दूध साकळवण्यासाठी घालतात त्या अर्कातील) जे विकर (एन्झाइम) दूध साकळवते, त्याचा काही अंश चीजमध्ये शिल्लक राहतो आणि पुढे महिनोन्महिने केसीन या प्रथिनाचे तुकडे करीत राहतो. केसीनच्या अल्फा प्रकाराचे तुकडे झाले की रबरासारखा पोत सैल पडून चीज मऊ होते, आणि ते आपल्याला हवेच असते. परंतु बीटा प्रकार तुटू लागला की कडू तुकडे सुटतात. चीजमधील पाण्यात मिठाचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास असले, तर हे दुसरे तुटणे बरेच रोखले जाते आणि पहिले चालू राहते. मिठाला कंजूषी केलेले चीज अळणी लागण्याच्या आधी कडू का होते, याचे कारण येथे आहे. आपल्याकडे मिळणारे शाकाहारी रेनेट बहुधा बुरशीपासून काढलेले असते आणि ते प्रथिने जरा अधिकच तोडते, म्हणून आपल्याला मिठाच्या मापात ढिलाई परवडत नाही.

म्हणून मिठाचा हिशेब चीजच्या वजनावर न मांडता चीजमधील पाण्यावर मांडावा. चकतीत ४२ टक्के पाणी असेल, तर एक किलोत ४२० ग्रॅम पाणी झाले. त्यात २० ग्रॅम मीठ गेले की प्रमाण ४.८ टक्क्यांच्या जवळ येते, आणि ते गौडासारख्या चीजला योग्य आहे. तेच २० ग्रॅम मीठ ५० टक्के पाणी असलेल्या मऊ चीजमध्ये घातले, तर प्रमाण ४ टक्क्यांवर घसरते आणि चीज भराभर मुरून बिघडण्याकडे झुकते. चेडारमध्ये हे प्रमाण साधारण ४ ते ६ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. मोठ्या छिद्रांच्या एमेंटालमध्ये मात्र मीठ मुद्दाम पुष्कळ कमी असते, कारण त्यातील छिद्रे पाडणारे प्रोपिऑनिक जिवाणू मिठाला फारच हळवे असतात. पाण्याचे प्रमाण घरी काढणे अवघड नाही. दाबातून काढलेल्या चकतीच्या कडेचे १० ग्रॅम चीज किसून, पातळ पसरून, ओटीजीमध्ये (घरातल्या छोट्या विजेच्या भट्टीत) १०० ते १०५ अंशांवर वजन कमी होणे थांबेपर्यंत वाळवावे. वजनात जेवढी घट झाली, तेवढे पाणी. यासाठी ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा लागतो, आणि या कामासाठी घ्यायच्या साहित्यात मी त्याला पहिले स्थान देईन.

चीजला मीठ लावण्याच्या दोन पद्धती आहेत : कोरडे मीठ चोळणे आणि मिठाच्या पाण्यात बुडवणे. नवशिक्याने दुसरी घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चोळलेले मीठ कुठे जास्त तर कुठे कमी बसते आणि सुटलेल्या निवळीबरोबर नेमके किती वाहून गेले ते कळत नाही.

मिठाचे पाणी करण्यासाठी एक लिटर पाण्याला २५० ग्रॅम मीठ घ्यावे, म्हणजे वजनाने २० टक्क्यांचे द्रावण होते. बारीक, न चिकटणाऱ्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ पाणी गढूळ करतात. साधे खडे मीठ किंवा सैंधव घेतले की हा प्रश्न राहत नाही. पाणी उकळून, मीठ विरघळवून, गाळून गार करावे. मग त्यात ३० टक्क्यांच्या कॅल्शियम क्लोराइड द्रावणाचे सुमारे ४ मिलिलिटर आणि पांढऱ्या व्हिनेगरचे पाव चमचा एवढे थेंब घालावेत. या दोन गोष्टी टाळू नयेत. नुसत्या मिठाच्या पाण्यात चीजमधील कॅल्शियम बाहेर जाते, त्याची जागा सोडियम घेते आणि केसीन पाणी पिऊन फुगते. सकाळी चकतीला हात लावला तर बोटांना साबणासारखा बुळबुळीत थर लागतो आणि तो थर पुढे कधीच नीट वाळत नाही. मीठ १० टक्क्यांच्या आसपास उतरले असेल, तर हाच दोष अधिक ठळक होतो. उलट टोकाला, मीठ विरघळेनासे होईपर्यंत घातलेले संपृक्त पाणी (ते २६ टक्क्यांच्या जवळ पोहोचते) पृष्ठभागातले पाणी झटकन ओढून तेथे कडक कवच तयार करते.

पाणी आणि चकती दोन्ही १० ते १४ अंशांवर असावीत. मे महिन्यात स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेल्या मिठाच्या पाण्यात दोन घोटाळे होतात : मीठ ठरल्यापेक्षा वेगाने आत जाते आणि स्निग्धांश सैल होऊन पृष्ठभागावर तेलकट तवंग येतो. म्हणून भांडे पुढे सांगितलेल्या मुरवणीच्या फ्रिजमध्येच ठेवावे. एक किलोच्या चकतीला ८ ते १० तास पुरतात. चकती तरंगते, त्यामुळे वर राहिलेल्या भागावर चिमूटभर मीठ भुरभुरावे आणि निम्मा वेळ झाल्यावर ती उलटावी. बाहेर काढल्यावर वजन करावे. आत गेलेल्या मिठाच्या दुपटीहून थोडे अधिक पाणी बाहेर पडलेले असते, त्यामुळे १,००० ग्रॅमची चकती ९७५ ग्रॅमच्या आसपास भरली तर साधारण २० ग्रॅम मीठ आत गेले असे समजावे. वजन जवळजवळ तेवढेच राहिले असेल, तर पाणी फिके पडले आहे किंवा वेळ कमी दिला आहे.

मात्र हे मीठ अजून सालीच्या आतल्या एक-दोन सेंटिमीटरांतच असते आणि मध्यभाग संपूर्ण अळणी असतो. साध्या पाण्यात मीठ पसरण्याचा गुणांक दिवसाला सुमारे १ चौरस सेंटिमीटर असतो. चीजच्या आतल्या पाण्यात तो सुमारे ०.२ एवढाच राहतो, कारण प्रथिनांच्या जाळ्यातून आणि चरबीच्या गोळ्यांना वळसा घालून त्याला वाट काढावी लागते. आपल्या चकतीत मीठ मध्यापर्यंत बऱ्यापैकी सारखे व्हायला महिना-दीड महिना जातो. लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर वेळ चौपट लागतो. पहिल्याच प्रयत्नात चार किलोची जाड चकती करण्याचा मोह यासाठी आवरावा : तिचा मध्यभाग मिठाची वाट पाहत असताना तेथे नको ते जिवाणू वायू करू लागतात.

ज्यांना तीन महिने थांबण्याआधी हात बसवायचा आहे, त्यांच्यासाठी आपल्याच भागातला एक उत्तम नमुना आहे. सुरती पनीर, ज्याला टोपलीत निथळत ठेवतात म्हणून टोपली पनीरही म्हणतात, ते म्हशीच्या दुधात रेनेट घालून करतात आणि नंतर मिठाच्या निवळीत १२ ते ३६ तास ठेवतात. निवळीतील मीठ बदलून त्याच्या पोतात काय फरक पडतो ते दोन दिवसांत कळते, आणि नुकसान झालेच तर वाटीभर दुधाचे.

दुधाचा उल्लेख आलाच आहे तर एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. मही आणि साबरमती यांमधला प्रदेश हे सुरती म्हशीचे मूळ क्षेत्र, त्यामुळे वडोदऱ्यात तबेल्यातले दूध घेतले तर ते बहुधा म्हशीचे असते. त्यात चरबी, केसीन आणि कॅल्शियम हे तिन्ही गाईच्या दुधापेक्षा जास्त असतात. त्याचे चीज घट्ट, कोरडे आणि ठिसूळ होते आणि मुरायलाही अधिक वेळ घेते. निम्मे गाईचे दूध मिसळल्याने हा दोष बराच कमी होतो. तबेल्याचे दूध ६३ अंशांवर ३० मिनिटे ठेवून पाश्चरीकरण केल्याशिवाय वापरू नये, कारण जे चीज महिनोन्महिने ठेवायचे त्यात लिस्टेरियासारख्या जिवाणूचा धोका पत्करण्यात शहाणपण नाही.

मिठाच्या पाण्यातून काढलेली चकती पुसून, बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या जाळीवर ठेवून, दोन ते तीन दिवस वाळवावी. पृष्ठभाग हाताला कोरडा लागला, परंतु नखाने दाबल्यावर अजून लवचीक वाटला, की पुरे. उन्हाळ्यात पंख्याखाली ठेवलेल्या चकतीला एका दिवसात केसासारख्या भेगा पडतात आणि त्या भेगांतून बुरशी आत उतरते. श्रावणात तीच चकती आठवडाभर ओलसर राहते. दोन्ही ऋतूंत हे वाळवणे फ्रिजमध्ये, झाकण नसलेल्या डब्यात केलेले बरे.

मुरवण्यासाठी ११ ते १३ अंश तापमान आणि ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता हवी. घरातला रोजचा फ्रिज ४ अंशांवर चालतो आणि तेथे मुरणे जवळपास थबकते. १६ अंशांच्या वर गेले तर चरबी पाझरते आणि कडूपणा व वायू यांना वाव मिळतो. यावर स्वस्त उपाय म्हणजे जुना, एकाच दाराचा फ्रिज आणि त्याच्या प्लगला जोडायचा बाहेरचा थर्मोस्टॅट. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रिज या कामाला नको, कारण त्यातला पंखा ओलावा सतत ओढून नेतो. वीज गेली, तर पाण्याच्या भरलेल्या दोन-तीन बाटल्या आत ठेवलेल्या असल्यास तापमान काही तास टिकते.

आर्द्रता मोजण्यासाठी छोटा डिजिटल मापक मिळतो, पण तो पाच-दहा टक्क्यांनी चुकीचे आकडे दाखवू शकतो. त्याची परीक्षा मिठानेच घेता येते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखे होईल एवढेच पाणी घालावे, ते मापकासह घट्ट बंद होणाऱ्या डब्यात ठेवावे आणि दहा-बारा तासांनी आकडा पाहावा. ओल्या मिठावरची हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापक ७० दाखवत असेल, तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवावेत. हाच गुणधर्म मुरवणीच्या डब्यातही कामी येतो : पोटॅशियम क्लोराइडचा असाच ओला लगदा वाटीत ठेवला, तर डब्यातली हवा ८५-८६ टक्क्यांच्या जवळ राहते. मात्र वाटीतले क्षार चीजला लागू देऊ नयेत. चकतीने डब्याचा निम्म्याहून कमी भाग व्यापावा आणि झाकण किंचित उघडे असावे. झाकणाच्या आत पाण्याचे थेंब जमले तर ते पुसून फट थोडी वाढवावी.

पहिला आठवडा रोज, पुढे आठवड्यातून दोनदा चकती उलटावी, नाहीतर ओलावा खाली साचून तळाशी बुरशी धरते. निळी-हिरवी किंवा पांढरी बुरशी दिसली, तर मिठाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्याने पुसावी. ती आत शिरली असेल, तर अशा घट्ट चीजमध्ये डागाच्या भोवती आणि खाली अडीच सेंटिमीटर भाग कापून टाकावा. चकती फुग्यासारखी फुगली, तिला सडका वास आला किंवा गुलाबी-काळा चिकटा आला, तर चाखून न पाहता फेकून द्यावी. मेणाचा थर द्यायचा असल्यास तो साल पूर्ण वाळल्यावरच, दोन-तीन आठवड्यांनी द्यावा. ओल्या सालीवर दिलेल्या मेणाखाली पाणी सुटते. मेण चीजसाठीचेच असावे, मेणबत्तीचे नव्हे. मेण मिळाले नाही, तर सुती कापड तुपात बुडवून गुंडाळण्याचा मार्ग आहे, आणि मला तो अधिक आवडतो, कारण त्यातून चीज थोडे श्वास घेत राहते.

दोन महिन्यांनी पहिला काप घ्यावा. तोवर विरजणातले बहुतेक जिवाणू मरून फुटलेले असतात आणि त्यांच्या पोटातली विकरे कडू तुकड्यांचेही बारीक अमिनो आम्लांत रूपांतर करू लागतात. म्हणून दोन महिन्यांनी किंचित कडवट लागलेले चीज चौथ्या महिन्यात सुधारू शकते. त्याला लगेच नावे ठेवू नयेत. फार जुन्या चीजमध्ये दातांखाली येणारे पांढरे कण हे बहुधा टायरोसिन या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात, खराबीचे लक्षण नव्हे.

मिठाचे पाणी एका चकतीनंतर ओतून देऊ नये. दर वेळी चकती मीठ घेते आणि निवळी सोडते, म्हणून पुढच्या वापरापूर्वी ते उकळून, फडक्यातून गाळून, कमी झालेले मीठ पुन्हा घालावे आणि बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे. निवळीतले कॅल्शियम त्यात साठत जाते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या वापरात ते नव्या पाण्यापेक्षा चांगले काम देते.