तालुक्याच्या गावातील चित्रकाराने आपले चित्र कोणाला दाखवावे?

एटीडी (कलाशिक्षक पदविका) किंवा जी. डी. आर्ट (शासकीय कला पदविका) करून गावी परतलेल्या चित्रकाराला पहिल्या काही वर्षांत जाणवणारी उणीव रंगांची किंवा जागेची नसते. रंग कुरिअरने येतात आणि शाळेचा चित्रकला कक्ष रविवारी रिकामाच असतो. उणीव असते ती मागच्या ईझलवरच्या मित्राची, जो जाता-जाता ‘डावा कोपरा मेलाय बघ’ एवढेच बोलून पुढे जात असे. कोल्हापुरात शिकत असताना अशी वाक्ये दिवसभर कानांवर पडत आणि त्यांचा रागही येत असे. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कलाशिक्षक म्हणून रुजू झाल्यावर ती एकाएकी बंद झाली आणि त्यांच्या जागी आले ते ‘सर, अप्रतिम!’ संस्था आणि संधी यांची माहिती मी पुढे देणारच आहे. परंतु त्याआधी या ‘अप्रतिम’विषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण माझी उमेदीची कित्येक वर्षे त्यानेच खाल्ली.

गावात चित्र पाहणारे कोणी नसले की आपण त्याचा फोटो काढतो आणि जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो. यात वावगे काही नाही. मात्र फोटोत चित्राचे काय होते ते नीट समजून घ्या. तीन फूट बाय चार फुटांचे तैलचित्र आणि पोस्टकार्डाएवढे जलरंगातील स्केच, दोन्ही पडद्यावर एकाच आकाराची होतात. भिंतीवर जी मोकळी जागा पाहणाऱ्याला थांबवून धरते, ती तळहातावर नुसती रिकामी दिसते. मोबाइलचा कॅमेरा आपल्या मताने सावल्या उजळतो, पांढऱ्याचा तोल बदलतो आणि कडा धारदार करतो. त्यामुळे ज्या दोन करड्या छटांमधील फरक साधण्यासाठी तुम्ही सबंध दुपार घालवलेली असते त्या एकमेकींत मिसळून जातात, आणि जिथे कडा मुद्दाम विरघळू दिलेली असते तिथे ती पुन्हा उगवते. पाठवताना फोटोचा दर्जा आणखी घसरतो, ते वेगळेच. शिवाय कागदावरचा रंग त्याच्यावर पडलेला प्रकाश परतवतो, तर पडद्यातून प्रकाश स्वतःच बाहेर येतो. म्हणून मळकट झालेला वॉशसुद्धा (पाणीदार रंगाचा पातळ थर) पडद्यावर नितळ भासतो. दाद देणारे मित्र खोटे बोलत नसतात. त्यांनी तुमचे चित्र पाहिलेलेच नसते, एवढेच.

इथपर्यंतचे नुकसान केवळ अभिप्रायाचे आहे. खरा सापळा त्यापुढे आहे. ज्या चित्राला दाद मिळते तसे चित्र हात आपोआप पुन्हा काढू लागतो, आणि दाद तर पडद्याला मिळालेली असते. माझ्या चित्रांचा विषय उसाचे फड आणि गुऱ्हाळे हा होता. पाचट, धूळ, चिपाडांचा धूर हे सगळे करड्या-पिवळसर छटांचे जग आहे. फोटोत ते मातकट दिसे आणि त्यावर कोणी फारसे बोलत नसे. मग चित्रातला चुलवाणाचा जाळ मोठा होऊ लागला. त्यातला नारिंगी रंग पॅलेटवर न मिसळता थेट ट्यूबमधून कॅनव्हासवर येऊ लागला, मुख्य आकृती चौकटीच्या मधोमध सरकली आणि चारही कडा काळोखात गेल्या, कारण लहानशा पडद्यावर कडेला कोणाची नजर जात नाही. पुढे पुढे तर काम करता-करता मी मोबाइल उचलून कॅमेऱ्यातूनच चित्र तपासू लागलो, आणि छटा जमली की नाही याचा निर्णय कॅनव्हासपासून चार पावले मागे जाऊन होण्याऐवजी पडद्यावर होऊ लागला. दाद वाढत होती, म्हणून प्रगती होत आहे अशीच माझी समजूत होती. मुंबईतील एका समूह प्रदर्शनात ती चित्रे भिंतीवर लागली तेव्हा फोटोंना भरभरून दाद देणारे तेच मित्र त्यांच्यासमोरून चालत पुढे गेले आणि शेजारच्या एका फिकट, वीतभर जलरंगचित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. मला कोणी वाईट म्हणाले नाही. भिंतीवर मात्र नारिंगीचे ठिगळ सोडून काहीच उरलेले नाही, हे मलाही दुरून दिसत होते.

हे वाचून मोबाइल फेकून देण्याची गरज नाही. बिघडलेला डोळा परत जागेवर येतो. मध्ये एखादे वर्ष केवळ करड्या छटांत काम करावे लागते आणि ते वर्ष कंटाळवाणे जाते, पण येतो. अनेक स्पर्धांची पहिली चाळणी छायाचित्रांवरच लागत असल्याने फोटो तर चांगला काढताच आला पाहिजे. चित्र व्हरांड्यात, थेट ऊन नसलेल्या उजेडात उभे करा, कॅमेरा चित्राला समांतर धरा आणि फोटो गटावर नेहमीसारखा न टाकता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सोबत एखाद्या भागाचा जवळून घेतलेला फोटो आणि चित्राशेजारी माणूस उभा असलेला एक फोटो द्या, म्हणजे आकाराचा अंदाज येईल. दहा मिनिटांचे काम आहे. ते न करण्याला सबब नाही.

तरीही फोटो हा निरोप आहे, भेट नव्हे. भेटीसाठी चित्रच न्यावे लागते. कॅनव्हास चौकटीवरून उतरवून, रंग पुरता वाळलेला असल्याची खात्री करून, रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळला तर तो एसटीतून सुखरूप जातो. तैलरंगाचा जाड थर असेल तर मात्र महिनोन्‌महिने थांबावे लागते, घाई करू नये. असे गुंडाळे घेऊन दर महिन्याच्या एका रविवारी आम्ही पाच जण आळीपाळीने एकमेकांच्या गावी जमू लागलो आणि माझ्या मते हेच माझे दुसरे शिक्षण ठरले. आमच्यात एक मिरजेचा मातीकाम करणारा आहे, एक लग्नांचे फोटो काढणारा आहे आणि एक दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर आहेत, ज्यांनी कोणत्याही कलाशाळेचे तोंड पाहिलेले नाही. सर्वांत नेमके बोलणारे तेच, कारण रस्त्याच्या पलीकडून काय दिसते आणि काय दिसत नाही हे त्यांच्या पोटाशी निगडित आहे. म्हणून माझा आग्रह असा की मंडळात सगळे जलरंगवाले किंवा सगळे एकाच सरांचे विद्यार्थी घेऊ नका.

बैठकीचे नियम सुरुवातीला कृत्रिम वाटतील, तरी पाळा. चित्र अपूर्ण असतानाच आणावे, कारण सही झालेल्या चित्रावर माणसे अभिनंदनापलीकडे काही बोलत नाहीत. चित्रकाराने पहिली दहा मिनिटे तोंड उघडू नये. इतरांनी आधी केवळ दिसते ते सांगावे, म्हणजे नजर प्रथम कुठे जाते, कुठे अडते, कुठून चित्राबाहेर निसटते, बरे-वाईट नंतर. शेवटी चित्रकाराने एकच प्रश्न विचारावा, आणि तो ‘कसे वाटले?’ हा नसावा. ‘पुढच्या बैलामुळे मागची माणसे दबतात का?’ असा प्रश्न विचारला की उत्तर देणाऱ्यालाही भिडस्तपणा सोडता येतो. एकदा चित्र उलटे करून पाहावे, एकदा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवून पाहावे. पहिल्या काही बैठकांनंतर तुम्हाला सगळे सोडून द्यावेसे वाटेल. तसे सगळ्यांनाच वाटते. चौथ्या-पाचव्या भेटीपासून टीका चित्रावर होते आहे, आपल्यावर नव्हे, हे अंगवळणी पडते.

अशा मंडळांना मोठ्या शहराची अट नसते, पण एखाद्या घराची असते. 1947 साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट स्थापन करणाऱ्या सहा जणांमधील हरी अंबादास गाडे अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचे होते आणि सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकून मुंबईला आलेले होते. वॉल्टर लँगहॅमर या ऑस्ट्रियन चित्रकाराच्या मुंबईतील घरी रविवारी त्यांच्यापैकी काही जण आणि इतर चित्रकार जमत, चित्रे पाहत आणि वाद घालत. सहाही जणांची वाट पुढे वेगळी झाली. अभिप्रायाने सगळे एकसारखे रंगवू लागतात अशी भीती ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

एकसारखे रंगवायला लावते ते लोकांसमोर चित्र काढून दाखवण्याच्या प्रात्यक्षिकांचे वेड, असे माझे स्पष्ट मत आहे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर, बाबा गजबर, रवींद्र मेस्त्री अशी परंपरा असलेल्या कोल्हापुरात शिकल्याचा मला अभिमान आहे, आणि रंगबहार संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ टाऊन हॉलच्या बागेत रंगते तेव्हा मीही जातो. चार ओळखी तिथे होतात, त्या जरूर करा. परंतु दोन तासांत टाळ्यांच्या गजरात पूर्ण होणारे पोर्ट्रेट पाहून हाताची सफाई कळते. काय रंगवायचे आणि का, हे कळत नाही. तसेच जे ज्येष्ठ तुमच्या हातातून ब्रश घेऊन तुमचेच चित्र ‘सुधारून’ देतात, त्यांना नमस्कार करावा आणि पुढचे चित्र दुसऱ्या कोणाला दाखवावे.

ओळखी वाढवण्यासाठी मुंबईला जायचे असेल तर रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जाता येते. तिथल्या, 1952 मध्ये सुरू झालेल्या जहांगीर कलादालनात बहुतेक प्रदर्शने मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात. उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका; तेव्हा सगळे एकमेकांना पाहत असतात, भिंतीकडे कोणी पाहत नाही. बुधवारी किंवा गुरुवारी भर दुपारी जा. चित्रकार एकटा खुर्चीवर बसलेला असतो, कंटाळलेला असतो आणि त्याच्या चित्राविषयी एखादा नेमका प्रश्न विचारला तर तासभर बोलतो. माझ्या आजच्या निम्म्या ओळखी अशा दुपारच्या आहेत. बॉम्बे आर्ट सोसायटी (स्थापना 1888), आर्ट सोसायटी ऑफ इंडिया (1918) आणि कला संचालनालयाचे राज्य कला प्रदर्शन यांना चित्रे अवश्य पाठवावीत, निवड झाली नाही तरी प्रदर्शन पाहायला जावे आणि कोणती चित्रे निवडली गेली हे समोर उभे राहून पाहावे. नव्याने पदवी घेतलेल्यांनी जहांगीरच्या ‘मान्सून शो’कडे लक्ष ठेवावे.

याउलट ‘आंतरराष्ट्रीय’ समूह प्रदर्शन, सहभाग शुल्क, मानचिन्ह आणि प्रमाणपत्र अशी जाहिरात दिसली की सावध व्हा. निवड कोण करणार, आधीच्या वर्षी किती प्रवेशिका नाकारल्या आणि शुल्कात नेमके काय मिळणार, हे तीन प्रश्न लेखी विचारा. उत्तर टाळले गेले तर पैसे देऊ नका. त्या पैशांत मंडळींचे वर्षभराचे एसटी भाडे निघते. शुल्क घेणारे सगळेच लबाड नसतात, दालनाचे भाडे वाटून घेणे रास्तच आहे. पण जिथे कोणालाच नाकारले जात नाही तिथे झालेल्या निवडीला अर्थ नाही.

दूरच्या संधींपैकी दिल्लीच्या खोज संस्थेची ‘पीअर्स’ ही निवासी कार्यशाळा नुकतेच शिक्षण संपवलेल्यांसाठीच असते आणि तिथे समवयस्कांबरोबर काही आठवडे काम करता येते. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे अनुदानासाठी इंग्रजीतच नव्हे तर मराठीतूनही अर्ज करता येतो. इंग्रजीच्या धास्तीने अर्ज न करणारे अनेक गुणी मित्र मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. 2012 पासून भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिनालेत (दर दोन वर्षांनी भरणारे कलाप्रदर्शन) विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र बिनाले असते. डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो आणि दक्षिण महाराष्ट्रातील माणसाला पणजी मुंबईपेक्षा जवळ पडते.

ज्येष्ठ चित्रकाराला चित्र दाखवायचे असेल तर ‘मार्गदर्शन करावे’ असा मोघम निरोप पाठवू नका. त्यांना असे निरोप फार येतात. दोनच चित्रे आणणार आहे, पंधरा मिनिटे हवी आहेत आणि अमुक एका गोष्टीविषयी विचारायचे आहे, असे लिहा. चित्रे फोटोत पाठवण्यास सांगितले तर पाठवा, पण प्रत्यक्ष दाखवण्याची विनंती कायम ठेवा. पंधरा मिनिटे संपली की स्वतःहून उठा. महिनाभर उत्तर आले नाही तर एकदा नम्रपणे आठवण करून द्या, आणि तरीही आले नाही तर मनात राग न धरता दुसऱ्या चित्रकाराला लिहा.