धुऱ्यावरची झाडे आणि कार्बनचा मोबदला : खड्डे खोदण्यापूर्वीचा सल्ला

मृग नक्षत्र जवळ आले की रोपांची मागणी वाढते. अलीकडे त्या जोडीने ‘झाडे लावा, कार्बनचे पैसे मिळवा’ असे सांगणारे प्रतिनिधीही गावात येऊ लागले आहेत. अशी प्रत्येक योजना फसवीच असते असे नाही, परंतु पैसा नेमका कशाचा मिळतो हे समजल्याशिवाय करारावर सही करू नये.

हा मोबदला रोप लावल्याचा नसून, झाडाने वाढताना हवेतून घेऊन खोडात व मुळांत साठवलेल्या कार्बनचा असतो. एक टन कार्बन डायऑक्साइड म्हणजे एक क्रेडिट, आणि ही क्रेडिट विकून पैसा येतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो व त्याला ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे वजन निघते. मुळांसह १०० किलो कोरडे वजन भरणाऱ्या झाडाचा हिशेब त्यामुळे १७०-१८० किलोवर थांबतो. म्हणजे एका क्रेडिटला अशी सहा झाडे लागतात, आणि मिळालेल्या रकमेतूनही मोजणी, पडताळणी व कंपनीचा वाटा वजा होतो. पडताळणी झाल्याखेरीज क्रेडिट मिळत नाही, म्हणून पहिली काही वर्षे हाती काही येईलच असे धरून पीककर्जाचे गणित मांडू नये. उलट नोंदणीसाठी तुमच्याकडूनच पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावे.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, आधीपासून उभ्या असलेल्या बाभळी, कडुनिंब वा आंब्याचे क्रेडिट सहसा मिळत नाही. ते तोडून नवी लागवड दाखवणे तर दुहेरी नुकसानीचे आहे.

लागवड करायचीच असेल तर पहिल्या सरीवर घाई न करता, जमिनीत हातभर ओल गेल्यावर करावी. भारी काळ्या जमिनीत पाणी साचणारी जागा टाळावी. रब्बीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने दक्षिण धुऱ्यावरच्या झाडांची सावली आपल्याच हरभऱ्यावर पडते आणि उत्तर धुऱ्यावरची शेजाऱ्याच्या पिकावर. धुऱ्याचे भांडण नको असेल तर शेजाऱ्याशी आधी बोलून घ्यावे. रोही (नीलगाय) व शेळ्यांपासून रोपांना काटेरी कुंपण करावे. सर्वांत मोठा धोका मात्र उन्हाळ्यात धुरे पेटवण्याचा आहे, कारण एका दुपारी लागलेल्या आगीत दोन-तीन वर्षांची रोपे करपतात आणि मोजणीच्या वेळी तेथे केवळ काळे खुंट उरतात. रोपांच्या दोन्ही बाजूंचे गवत कापून पट्टा स्वच्छ ठेवावा.

करार मराठीत मागून त्यात मुदत किती, वाटा किती टक्के, झाड मेले किंवा शेत विकले तर काय, आणि लाकडावर हक्क कोणाचा, हे वाचून घ्यावे. मुदतीत तोडबंदी असेल तर अडीनडीला साग विकता येणार नाही. मुदत संपल्यावरही सागाच्या तोडीसाठी १९६४ च्या राज्य कायद्यानुसार परवानगी लागतेच, म्हणून लागवडीची नोंद सातबाऱ्यावर त्याच हंगामात करून घ्यावी. खाते सामायिक असल्यास सर्व खातेदारांची लेखी संमती सहीपूर्वी घ्यावी.