चिंचिलाचा डोळा गळतोय? ड्रॉप्सच्या आधी वजनकाटा काढा

आमचा चिंचिला पिठ्या (चिंचिला म्हणजे उंदराच्या जातकुळीतला, दाट मऊ फरचा पाळीव प्राणी; डस्ट बाथमधून, म्हणजे बारीक धुळीत लोळून केस साफ करायच्या अंघोळीतून बाहेर आला की पिठाच्या डब्यात लोळलेल्या उंदरासारखा दिसतो म्हणून हे नाव) सात वर्षांचा असताना त्याच्या उजव्या डोळ्याखालचे केस ओले दिसायला लागले. इथे लीड्समध्ये घराजवळच्या व्हेटने बघितलं, कंजंक्टिव्हायटिस (डोळे येणं) आहे म्हणाला, ड्रॉप्स दिले, मी तीन आठवडे इमानेइतबारे घातले, डोळा दोन दिवस कोरडा राहायचा आणि परत ओला. शेवटी ससे-गिनीपिग-चिंचिला बघणाऱ्या एक्झॉटिक व्हेटकडे नेला, तर तिने डोळ्याकडे अर्धा मिनिट बघितलं आणि सरळ तोंड उघडायला घेतलं. एक्सरेत दिसलं की वरच्या दाढेचं मूळ वाढत वाढत डोळ्याखाली पोचलंय. तोवर साहेब 610 ग्रॅमवरून 540 वर आले होते आणि मला पत्ताच नाही, कारण त्या फरखाली हाडं निघाली तरी दिसत नाहीत.

म्हणून हा लेख. माझं म्हणणं एकच आहे, चिंचिलाचा डोळा ओला दिसला की तो दाताचा प्रॉब्लेम नाही हे आधी नक्की करा, मग बाकीचं.

आधी लांबून बघा, हात नंतर लावा

पकडलं की चिंचिला घाबरतो, डोळे मिटतो आणि खरं काय ते कळत नाही. संध्याकाळी तो आपणहून बाहेर आला की पाच-दहा मिनिटं नुसतं बसून बघा. डोळा अर्धवट मिटलेला आहे का, पंजाने सारखा पुसतोय का, एकच डोळा आहे की दोन्ही? दोन्ही डोळे लाल आणि पाणीदार असतील तर बऱ्याचदा कारण हवेत असतं, म्हणजे धूळ, लघवीचा अमोनिया किंवा उग्र वासाचा लाकडाचा भुसा. एकच डोळा असेल तर गवताची काडी लागली असेल, ओरखडा असेल, किंवा त्या बाजूची दाढ.

मग मोबाइलचा टॉर्च बाजूने, लांबून धरा आणि फोटो काढा. बाहुली मांजरीसारखी उभी फट असते, ते नॉर्मल आहे, घाबरू नका. बुबुळावर निळसर धुकं किंवा पांढरा ठिपका दिसला, डोळा बाहेर आल्यासारखा वाटला, किंवा तो उघडतच नसेल, तर पुढचं वाचायच्या आधी व्हेटला फोन करा, त्याच दिवशी. यांचे डोळे मोठे आणि खोबणी उथळ, त्यामुळे इजा पटकन होते. बुबुळावरचा अल्सर (जखम) वाढत गेला तर डोळाच जाऊ शकतो.

वजन आणि तोंड

किचनमधला डिजिटल काटा घ्या, वर एक डबा, डब्यात एक पेलेट (दाबून केलेलं तयार खाणं), तो स्वतः उडी मारून बसतो. मोठा चिंचिला साधारण 400 ते 600 ग्रॅम भरतो, पण तुमच्याचा आकडा गेल्या आठवड्यापेक्षा किती हलला हे महत्त्वाचं. दर रविवारी वजन लिहून ठेवायची सवय लावा, मी आता कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबासारखं लिहिते.

दाताची लक्षणं अशी: हनुवटी किंवा पुढचे पंजे लाळेने ओले, खाणं उचलतो आणि टाकतो, गवत सोडून मऊ तेवढं खातो, लेंड्या लहान आणि कमी झाल्यात, खालच्या जबड्याच्या कडेवरून हलकं बोट फिरवलं तर गाठी लागतात. पुढचे दात पिवळे-केशरी असतात आणि तसेच असायला हवेत (लोकांना वाटतं घाण साचलीय), पांढरे पडायला लागले तर तीही व्हेटला सांगायची गोष्ट.

असं का होतं तर याचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढत राहतात. हा मूळचा चिलीतल्या अँडीज डोंगरांचा प्राणी, तिथलं खरखरीत गवत दिवसभर चावून दात झिजायचे. 1923 साली माथायस चॅपमन नावाच्या माणसाने तिथून 11 चिंचिला कॅलिफोर्नियाला नेले, फरच्या धंद्यासाठी, आणि आज घराघरांत असलेले बरेचसे त्यांचेच वंशज समजले जातात. आपण त्यांना पेलेट आणि मनुके भरवतो, दात झिजत नाहीत, दाढ तोंडात वाढते आणि जागा संपली की मुळाकडून वर सरकते. वर काय आहे, तर अश्रू नाकात नेणारी नळी आणि डोळ्याची खोबण. नळी दबली की पाणी गालावर. ड्रॉप्स घालून काय होणार?

व्हेटकडे काय काय करायला सांगायचं

तुम्ही पुण्या-मुंबईत असाल तर निदान ससे आणि गिनीपिग नेहमी बघणारा डॉक्टर शोधा, आणि नेताना गाडीत एसी चालू ठेवा, 25-26 डिग्रीच्या वर हा प्राणी त्रासात येतो आणि डोळा राहिला बाजूला, उष्माघात व्हायचा.

डोळ्यात फ्लोरेसीन नावाचा केशरी डाय टाकून निळ्या लाइटखाली बघतात, बुबुळावर ओरखडा असेल तर तेवढी जागा हिरवी चमकते. ही टेस्ट मिनिटभराची आहे, ती केल्याशिवाय ड्रॉप्स घेऊन घरी येऊ नका. दुसरं म्हणजे तोंड आतून बघणं, आणि दाढा नीट बघायला बहुतेकदा थोडी भूल लागते. तिसरं डोक्याचा एक्सरे, कारण वरून दाढ व्यवस्थित दिसली तरी मूळ फक्त त्यातच कळतं. चिकट पू येत असेल तर स्वॅब (काडीवर घेतलेला नमुना) घेऊन कल्चर, म्हणजे जंतू वाढवून तो कोणता ते बघायची टेस्ट, करायला सांगा, सूडोमोनास नावाचा चिवट जंतू चिंचिलात सापडतो आणि त्याच्यावर वाटेल ते अँटिबायोटिक चालत नाही.

डोळ्याभोवतीचे केस गेलेत आणि कोंड्यासारखे पापुद्रे आहेत, डोळा मात्र स्वच्छ, असं असेल तर ते गजकर्ण असू शकतं. ते माणसालाही लागतं, हात धुवा आणि पोरांना लांब ठेवा.

घरी उपचार करताना

डस्ट बाथ बंद, डॉक्टर परत चालू करा म्हणेपर्यंत. केस जरा तेलकट दिसतील, दिसू देत.

उकळून कोमट केलेलं पाणी नाही, मेडिकलमधलं स्टराइल सलाइन घ्या, गॉजचा तुकडा भिजवा (कापसाचे तंतू डोळ्यात राहतात), खपली आधी मिनिटभर ओली होऊ द्या आणि मग नाकाच्या बाजूने बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा. नंतर फर कोरडी टिपायची, ओली राहिली तर खालची कातडी खराब होते.

ड्रॉप्स घालायला त्याला टॉवेलमध्ये गुंडाळा, बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं, पण छातीवर दाब नको आणि फर मुठीत धरायची नाही, घाबरला की मुठीतली फर सोडून पळून जातो आणि तुमच्या हातात पुंजका राहतो. बाटली समोरून आणू नका. डोक्याच्या मागून आणायची, खालची पापणी जराशी ओढायची आणि एक थेंब, बाटलीचं टोक डोळ्याला लागता कामा नये. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. नंतर दोन मिनिटं तसाच धरून ठेवा, नाहीतर लगेच पंजाने पुसून चाटून टाकतो.

आणि आता जे करायचं नाही ते. घरात पडलेले माणसांचे ड्रॉप्स घालू नका, त्यातल्या कित्येकांत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं आणि खाली अल्सर असेल तर ते डोळ्याची वाट लावतं. गुलाबजल, मध, एरंडेल, काजळ, काहीही नको. माझ्या सासूबाईंनी फोनवरून हळदीचं पाणी सुचवलं होतं, मी हो हो म्हटलं आणि विषय बदलला. तोंडाने द्यायच्या अँटिबायोटिक्सबद्दल तर फारच सांभाळा, पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन ही तोंडाने दिली तर चिंचिलाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्यात प्राणी दगावू शकतो. चिंचिला नेहमी न बघणाऱ्या डॉक्टरने ही लिहून दिली तर न लाजता विचारा.

दुखणाऱ्या डोळ्याचा चिंचिला खाणं सोडतो, आणि यांचं पोट थांबलं की ते डोळ्यापेक्षा जास्त धोक्याचं. अर्धा दिवस काही खाल्लं नाही, लेंड्या नाहीत, तर थांबू नका, फोन करा. वेदनाशामक मागून घ्या, आणि गवताची पावडर सिरिंजने कशी भरवायची ते तिथेच शिकून घ्या, घरी येऊन व्हिडिओ बघत शिकायला गेलं की अर्धी पावडर आपल्या कुर्त्यावर असते.

साधा कंजंक्टिव्हायटिस बरोबर औषधाने आठवड्या-दोन आठवड्यांत बरा होतो. धूळ हेच कारण असेल तर पुढे डस्ट बाथ आठवड्यातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, आणि भांडं पिंजऱ्यात ठेवून द्यायचं नाही. मुंबईच्या दमट हवेत ती धूळ लगेच गोळे धरते, ती बदलत राहा, आणि पैसे वाचवायला बांधकामाची वाळू अजिबात नको. म्हातारपणी मोतीबिंदू झाला तर त्याचं एवढं टेन्शन घेऊ नका, मिशांच्या जोरावर हे आंधळेपणीही छान फिरतात, फक्त पिंजऱ्यातल्या फळ्या हलवू नका.

दाताचं निघालं तर मात्र खरं ऐकून घ्यायची तयारी ठेवा. तोंडातली वाढलेली दाढ भूल देऊन घासता येते, वर गेलेलं मूळ परत खाली येत नाही. पिठ्याच्या दाढा आता दर दोन-तीन महिन्यांनी घासतात, मनुके पूर्ण बंद, दिवसभर टिमोथी नावाचं सुकं गवत. उजवा डोळा अजूनही थोडा ओला असतो, सकाळी पुसते. गेल्या रविवारी काट्यावर 575.