प्लायवुडचे विनियर प्रेसमध्ये घालण्यापूर्वी ओलावा मोजा

प्रेस उघडताना प्लायवुडला फोड आले, की दोष बहुधा गोंदाच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात अनेकदा तो विनियरमध्ये, म्हणजे प्लायवुडच्या पातळ लाकडी थरांमध्ये, उरलेल्या ओलाव्याचा असतो. गोंद लावलेले थर तापवून दाबणाऱ्या हॉट प्रेसचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर असल्याने थरांमधल्या पाण्याची वाफ होते, आणि दाब एकदम सोडल्यास ती बाहेर पडताना नुकताच धरलेला जोड फाडते. फिनॉलिक गोंदासाठी प्रेसचे तापमान अधिक लागत असल्यामुळे तेथे विनियर ४ ते ६ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणे सुरक्षित ठरते. युरिया गोंद याहून थोडा जास्त ओलावा सहन करतो. मात्र अति वाळवलेले विनियर गोंदातले पाणी चटकन शोषते, गोंद नीट पसरत नाही आणि जोड कच्चा राहतो.

ओलावा मोजणाऱ्या मीटरवर पूर्ण विसंबू नये. तुकडा १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि घटलेल्या वजनाला कोरड्या वजनाने भागावे (ओल्या वजनाने भागण्याची चूक सर्रास होते). १०० ग्रॅमचा तुकडा ९२ ग्रॅम झाला, तर ओलावा ८ नव्हे, ८.७ टक्के असतो.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत, ड्रायरमधून काढलेले विनियर उघडे ठेवल्यास ते पुन्हा ओलावा धरते; म्हणून थप्पी झाकून ठेवावी आणि चाचणी ड्रायरपाशी नव्हे, तर गोंद लावण्याच्या अगदी आधी करावी. गाभ्याच्या जाड थरांचे नमुने मधल्या भागातून घ्यावेत, कारण कडा लवकर वाळतात.